जोपच्या नावाचा मासा

बिराम लोला जीभ होती, पण हक्क नव्हता. मोमार जोपला हक्क होता, पण जीभ नव्हती. दोघं पडले जिवलग मित्र, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं.

बिराम डाकारच्या एका छापखान्यात होता, मोमार शाळेत गणित शिकवायचा आणि त्यांच्या जोडीला तामसिर साखो नावाचा एक शिंपी होता. गेली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी या तिघांना शहराचा वीट यायचा. मग शनिवारी पहाटे सात जणांच्या टॅक्सीत स्वतःला कोंबून घ्यायचं, कुठल्यातरी गावात एक मुक्काम करायचा आणि रविवारी परत. काय पाहिलंत, असं घरी कोणी विचारलं की तिघंही अडखळायचे. काय खाल्लंत, असं विचारलं की मात्र सांगणाऱ्याला संध्याकाळ पुरायची नाही. थिएसचं भाजलेलं मटण, काओलाकचा शेंगदाण्याच्या रश्शातला भात, म्बूरच्या किनाऱ्यावरची कोळशावरची मासळी. शहरं त्यांनी अशी जिभेनेच पाठ केली होती.

आणि या प्रत्येक जेवणात बिरामचा एक डाव असायचा.

आमच्याकडे माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. आडनाव विचारण्यामागे जगात नाना हेतू असतात. इथे हेतू एकच, भांडण उकरून काढायचं. विचारणारा न्जाय आणि समोरचा जोप निघाला की झालंच. न्जाय म्हणणार, जोप म्हणजे भातचोर, खादाड, आमच्या आजोबांचे नोकर. जोप तेच शब्द जसेच्या तसे परत फेकणार. हे थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि त्यात राग मानायचा नसतो. जो मानेल तो चार माणसांतून उठला. शिव्या देऊन घसा कोरडा पडला की न्जायने जोपचं मागणं मोडायचं नाही, जोपने न्जायचं मोडायचं नाही. सख्खे भाऊ बोलेनासे झाले तरी समेटाला यांनाच बोलावतात, कारण या नात्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

बिराम होता लो. या भांडणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण खाणावळवाली न्जाय निघाली की हा लगेच जोप व्हायचा, आणि खाटीक जोप निघाला की न्जाय. मग असा काही तोंडाचा पट्टा सोडायचा की समोरचा पोट धरून हसायचा आणि ताटात एक तुकडा जास्तीचा पडायचा. शेजारी खराखुरा मोमार जोप बसलेला असायचा. पण तो इतका भिडस्त की कोणी भातचोर म्हटलं तर कान लाल करून म्हणायचा, "बरोबर आहे." असल्या जोपला कोण तुकडा वाढणार?

"तू माझं नाव खातोस," मोमार एकदा त्याला म्हणाला होता.

"तू खात नाहीस म्हणून," बिराम म्हणाला. "फुकट चाललं होतं."

यावेळी तिघं निघाले होते ते न्दारला. सरकारी नकाशात त्याला सेंट लुई म्हणतात, आम्ही म्हणत नाही. पण ही सहल नेहमीसारखी नव्हती. बिरामचं नाफी न्जाय नावाच्या मुलीवर प्रेम होतं, आणि ते थट्टेतलं नव्हतं. तिच्या नुसत्या आवाजाने त्याचा दिवस सरळ व्हायचा. नाफीच्या बापाने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं होतं की ताईला विचारा. ताई म्हणजे नाफीची न्दारची आत्या, देगेन न्जाय. आमच्यात भाचीच्या लग्नात आत्याचा शब्द शेवटचा, आणि या आत्याने आजवर दोन मुलं दारातूनच परत पाठवली होती. बिरामचा फोटो तिने बघायलाही नकार दिला होता, फोटोत गाढवही देखणं दिसतं म्हणून. रविवारी सकाळी मागणीला नेतात त्या कोलाच्या बिया घेऊन तिच्यापुढे उभं राहायचं होतं. तिने बिया फोडल्या तर सोयरीक जमली, परत दिल्या तर नाफी हातची गेली.

"शनिवारी दुपारी बाजारामागच्या खाणावळीतच जेव," नाफीने बजावलं होतं. "भरली बोय मासळी खा. दुसरीकडे गेलास तर बघ." बिरामला वाटलं, काय ही माया.

न्दारला उतरल्या उतरल्या तामसिरने त्याला बाजूला घेतलं आणि समजावलं की हे तुझ्या सासुरवाडीचं गाव आहे. इथे दगड भिरकावला तर तो न्जायलाच लागेल. आज तरी आपलं आडनाव लावून फिर.

"आज शनिवार आहे," बिराम म्हणाला. "लो रविवारी येणार आहे."

नदीवरचा लांबलचक लोखंडी पूल ओलांडून बेटावर जायला त्यांनी घोडागाडी केली. गाडीवान निघाला जोप. बिराम तत्काळ न्जाय झाला आणि म्हणाला, घोड्याच्या फासळ्या दिसतायत, त्याचा चारा कोण खातो ते आडनाव ऐकल्यावर कळलं. गाडीवान खूश. मोमारला राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, हा न्जाय नाहीच. जोप मी आहे, आणि हा थापा मारतोय."

"न्जायला न्जाय म्हणून मान न देणं, ही तर आपल्या जोपांची जुनी खोड," गाडीवान त्याला म्हणाला. "शाब्बास."

हीच तर गंमत होती. या भांडणात खरं सांगितलं तरी ते थट्टेतच जमा व्हायचं. गाडीवानाने त्यांना बेटाला आणखी एक फेरी मारून आणली. लाकडी सज्ज्यांची जुनी घरं, पिवळ्या-तांबड्या भिंती, त्यांवर वाळत घातलेल्या चादरी, पलीकडच्या काठाला दाटीने लावलेल्या रंगीत होड्या. तामसिरने लोकांच्या झग्यांची शिवण पाहिली, मोमारने पुलाच्या कमानी मोजल्या आणि बिरामने जेवायला किती वेळ आहे ते तीनदा विचारलं.

बाजारामागची खाणावळ म्हणजे चार बाकडी, वर कापडाचं छत आणि खाली भलंमोठं पातेलं. खाणावळवालीच्या शेजारी निळ्या झग्यातली एक वयस्क बाई सुपात तांदळाची कणी निवडत बसली होती. हात सुपात आणि डोळे रस्त्यावर. तिघं टेकले तशी तिने एकेकाला आडनाव विचारायला सुरुवात केली. तामसिर म्हणाला साखो. तिने मान हलवली. मोमार म्हणाला जोप. बाईचे डोळे चमकले. सूप खाली ठेवून ती सरसावून बसली आणि म्हणाली, मी न्जाय आहे.

"हो का? बरं वाटलं भेटून," मोमार म्हणाला.

बाईचा चेहरा उतरला. "हा कसला जोप? उकडून काढलाय की काय याला?"

आता बिरामच्या जिभेला कंड सुटली. खरं तर त्याने तोंड मिटून मासा खायचा होता. पण एक न्जाय बाई भांडणाला आसुसलेली आणि तिच्याशी भांडायला कोणी नाही, हे त्याला बघवेना. शिवाय पातेल्यातली बोय चांगलीच भरल्या पोटाची दिसत होती.

"याच्यावर जाऊ नकोस, मावशी. मीही जोप, पण न उकडलेला," तो म्हणाला. "आणि तू कणी निवडतेस की चोरतेस? मघापासून बघतोय, एक मूठ सुपात, एक मूठ झग्यात."

बाईने अल्लाचे आभार मानले आणि बाह्या वर केल्या. मग जे सुरू झालं ते ऐकायला आजूबाजूच्या बाकड्यांवरची माणसं ताटं घेऊन जवळ सरकली. तिने बिरामच्या आजोबांना पातेलं चाटायला लावलं. बिराम म्हणाला, चाटलं खरं, कारण तुझे आजोबा पाहुण्यांना उपाशी ठेवून आत लपून जेवत होते. तिने जोपांच्या लग्नात वऱ्हाडाने खुर्च्या खाल्ल्याची हकिकत सांगितली. त्याने न्जायांच्या बारशाला मूल रडल्यावर त्याच्या तोंडातला घास बापाने काढून घेतल्याची सांगितली. बाई हसता हसता ठसकली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मोमारने एकदा क्षीण आवाजात सांगून पाहिलं की हा जोप नाही. त्यावर सगळेच हसले, की बघा, एका माशासाठी जोप जोपला ओळख देत नाही.

परात आली. चिंच, भेंडी, गाजर, तांबूस कणीचा भात, आणि मधोमध भरली बोय, आतलं सगळं काढून, वाटून, लसूण घालून परत भरलेली आणि शिवलेली. तामसिरने शिवणीला दाद दिली. बाई स्वतः येऊन परातीशी बसली. तिने माशाच्या पोटाचा भाग हाताने तोडून बिरामपुढे सरकवला आणि पातेल्याच्या बुडाची खरवड काढून तीही त्याच्याचकडे लोटली. मोमारच्या वाट्याला शेपटी आली.

जेवताना ती मधूनच रस्त्याकडे बघत होती. बिरामने विचारलं, कोणाची वाट बघतेस? ती म्हणाली, एक पाहुणा येणार होता, त्याला पत्ता नीट सांगितला होता, पण आला नाही.

"तुझी भूक ऐकून वाटेतून पळाला असेल," बिराम म्हणाला, आणि बाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

संध्याकाळी तिघं नदीकाठी चहा करत बसले होते तेव्हा नाफीचा फोन आला. सुरुवातच तिने रागाने केली. आत्या दुपारभर त्या खाणावळीत बसली होती. मुलगा बघायचा तर तो बेसावध जेवताना बघावा, असं तिचं म्हणणं, म्हणून तर नाफीने त्याला तिथेच पाठवलं होतं. आणि हा गेलाच नाही. दोन जोप आणि एक साखो जेवून गेले, लोचा पत्ता नाही. वेळेला न येणारा माणूस घर काय चालवणार, असं आत्या म्हणत होती.

बिरामने आवाज खाली आणला. "फार चिडलीय का?"

"चिडलीय तुझ्यावर. तशी खुशीत आहे," नाफी म्हणाली. "तिला कोणी एक जोप भेटला म्हणे. समोरच्या घरातले मातार जोप वारले तेव्हापासून ती अशी हसली नव्हती. गल्लीभर सांगत फिरतेय. तू होतास कुठे?"

"उद्या सांगतो," बिराम म्हणाला आणि फोन ठेवला. त्याची पाचावर धारण बसली होती. मावशी म्हणून ज्या बाईला त्याने कणीचोर, खादाड आणि लपून जेवणाऱ्याची नात म्हटलं होतं, तिच्याच हाती नाफी होती. हे बोलायचा हक्क जोपला. लोने म्हटलं तर ती निव्वळ शिवी, आणि तीही आईच्या वयाच्या बाईला.

तामसिर वाळूवर आडवा पडून हसला. हसून झाल्यावर त्याने सुचवलं की उद्या लो म्हणून मीच जातो, लग्न लागेपर्यंत कोणाला कळणार नाही. मोमार चहाकडे वळला. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात चहा ओतून फेस काढत राहिला. शेवटी त्याने बिरामपुढे पेला धरला आणि विचारलं, "लो रविवारी येणार होता ना?"

रविवारी तिघांनी देगेनआत्याच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तिने टाळीच वाजवली. "अगं बाई, माझा भातचोर आला. घर कसं शोधलंस?" तिने शेजारणींना हाका मारल्या. कालची हकिकत ऐकून त्या तयारच होत्या, चटया उचलून आल्या. आत्याने बिरामला जवळ बसवलं, अंबाडीच्या बोंडांचं गारेगार सरबत दिलं आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाली, लोबरोबर आलास होय? तो कुठाय तुमचा नवरदेव?

बिरामने कोलाच्या बियांची पिशवी पुढे ठेवली. "आत्या, मीच बिराम लो," तो म्हणाला. कालचं 'तू' आज त्याच्या तोंडातून निघेना. "माफ करा. मी जोप नाही."

शेजारणी खो खो हसल्या. आत्या सगळ्यांत जास्त. बायको मिळते म्हटल्यावर बापाचं नाव टाकून द्यायला जोप तयार, असं ती म्हणाली आणि कोपराने त्याला ढोसलं. बिरामने शपथ घेतली. जोपच्या शपथेला कोण विचारतं, म्हणून ती आणखी हसली. तामसिरने साक्ष दिली, तीही हसण्यात वाहून गेली. दोन वर्षं बिरामचं खोटं सहज खपलं होतं आणि आज खऱ्याला एक गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

तेव्हा मोमार म्हणाला, "आत्या, जोप मी. हा लोच आहे."

आवाज मोठा नव्हता, पण त्यात थट्टा नव्हती. न्जायपुढे बसलेला जोप थट्टा करत नाही म्हणजे कोणीतरी मेलंय किंवा तो खरं सांगतोय. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग बिरामकडे, आणि तिचं हसू हळूहळू विझलं. शेजारणींनी डोक्यावरचे रुमाल सावरले.

तिने सरबताचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मातार जोप रोज सकाळी त्या समोरच्या ओट्यावरून मला शिव्या द्यायचा. नवरा गेला तेव्हाही त्यानेच येऊन विचारलं, आता त्याच्या वाट्याचा भातही तूच खाणार का? मी त्या रडण्यात हसले होते. तो गेल्यापासून मला सगळे मानाने बोलतात. मानाने बोलून माणूस म्हातारा होतो, पोरा. काल मला वाटलं, कोणीतरी आलं. रात्री अंथरुणात आठवून हसले. आणि तू कोण, तर परका पोरगा. एका तुकड्यासाठी मला चोर म्हणून गेलास."

बिरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाफी गेली याचं दुःख होतंच, पण त्याआधी त्याला लाज वाटली, मनापासून. तो बोलायला गेला, पण ज्या जिभेवर त्याने गावोगाव जेवणं उकळली होती ती टाळ्याला चिकटली. आत्याने कोलाची पिशवी उचलली आणि त्याच्या गुडघ्यापाशी परत ठेवली.

मोमारने सरबताचा पेला खाली ठेवला. त्याचे कान लालभडक झाले होते. त्याने बिरामकडे पाहिलं, आणि दोन वर्षांच्या सगळ्या शेपट्या त्या पाहण्यात होत्या. वाटलं असतं तर तो गप्प बसू शकला असता, त्याला कोणी दोष दिला नसता.

"न्जाय," तो म्हणाला. "तुझ्या घराण्यात कोणी मुलगी मागायला येतं याचंच मला नवल वाटतं. मी आलो असतो तर आधी घरची भांडी मोजून ठेवली असती."

आत्याची भुवई वर गेली. एक शेजारीण फिसकन हसली आणि गप्प झाली.

"हा गाढव माझ्या नावावर जेवला," मोमार पुढे म्हणाला. आता तो थांबत नव्हता. "मी बोललो नाही, कारण मला बोलता येत नाही. काल तू मला उकडलेला म्हणालीस ते खरं आहे. पण तू हसलीस तेव्हा मला याचा हेवा वाटला, कारण ते हसवणं माझं काम होतं. नाव मी त्याला उसनं दिलं होतं, असं धर. आता खरा जोप तुझ्या दारात बसून मागतोय. त्या बिया फोड. नाही म्हणून दाखव, खादाडे."

देगेनआत्याने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण हनुवटी थरथरायला लागली आणि मग तिला आवरेना. ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "उकडलेला बोलला गं," ती शेजारणींना म्हणाली. "भांडी मोजणार म्हणे, मेला भातचोर."

तिने पिशवी ओढून घेतली. एक बी काढली, दातांनी फोडली, अर्धी मोमारला दिली आणि अर्धी आपल्या तोंडात टाकली. बिरामचा जीव भांड्यात पडला. पण आत्याचं बोट त्याच्या नाकासमोर आलं.

"जोपचा मासा खाल्लास ना? आता या घरात तू जन्मभर जोप. जोपला जे जे ऐकावं लागतं ते सगळं ऐकशील, सणाला, बारशाला, माझ्या मयतालाही. फक्त उलट बोलायचं नाही. उलट बोलायचा हक्क हा बसलाय त्याला." मग ती मोमारकडे वळली. "आणि तू दर महिन्याला येशील. याला आण नाही तर आणू नकोस."

दुपारी परात मांडली गेली. माशाचं पोट मोमारपुढे गेलं आणि खरवडही. मोमार मान खाली घालून खात होता, पण मधूनच डोकं वर करून काहीतरी बोलायचा आणि आत्या धपाटा घालायची. शेपटीचे काटे काढत बिराम तिचं हसणं ऐकत होता. त्याला बरं वाटत होतं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आत्याने सकाळची सगळी हकिकत आधीच डाकारला पोचवली होती. पलीकडे नाफी होती, आणि नाफीही न्जायच.

"काय रे जोप, जेवलास?" ती म्हणाली. "की अजून पातेलं चाटतोयस?"

बिरामला लगेच तीन उत्तरं सुचली, तिन्ही चांगली. त्याने तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि ते मिटून घेतलं.

"चाटतोय," तो म्हणाला.